भंडाऱ्याच्या ताटातली चावी

माझं आडनाव या लेखावर छापायचं नाही, ही एकच अट मी संपादकांना घातली. त्यांना वाटलं, मी घाबरले. घाबरले नाही, ही आमच्या कामाची शिस्त आहे. आडनाव कळलं की माणसं ऐकायचं थांबवतात आणि हिशेब लावायला बसतात. आडनावावरून जात, जातीवरून देव, देवावरून पक्ष. पक्ष ठरला की माझं पत्रक भेळेखाली.

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहावेत ते पेन्शन घेणाऱ्यांनी. मी अजून तिशीलाही पोचलेली नाही. तसं मी म्हटलंही. संपादक म्हणाले, "तुमच्या कामात माणूस लवकर म्हातारा होत असेल." म्हणून लिहायला बसले.

काम साधं आहे. जिल्ह्याच्या शहरात, औरंगपुऱ्यात, एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या संस्थेची खोली आहे. आम्ही संविधानावर पत्रकं लिहितो, छापतो आणि जिल्ह्याच्या बाजारांत, स्टँडांवर वाटतो. पत्रक वाचून कुणी अडचण घेऊन आलं तर त्याच्याबरोबर कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतो. माझ्याकडे विषय आहे धर्मस्वातंत्र्याचा. कोणी कोणता देव मानावा, बदलावा, सोडावा हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि सरकारने त्यात नाक खुपसायचं नाही. एवढाच विषय. ऐकायला सोपा, वाटायला महाकठीण.

पत्रक वाटण्याची एक विद्या असते. गावाला निघालेल्या माणसाला ते द्यायचं नाही, तो त्याने एसटीची सीट पुसतो. बाजार करून परतणाऱ्या बाईला द्यायचं. ते पिशवीत मेथीच्या जुडीवर बसून घरी जातं आणि शाळेतलं एखादं लेकरू ते मोठ्यानं वाचतं. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द पहिल्या पानावर घालायचा नाही. घातला की माणूस तुमच्याकडे ताकदीचं औषध विकणाऱ्याकडे बघावं तसा बघतो. माझ्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं, 'देव तुमचा, सरकार सगळ्यांचं.' सहा महिने मी त्या वाक्यावर जाम खूश होते.

कन्नड या तालुक्याच्या गावी आठवडी बाजारात ते वाटताना माझी कायम उलटतपासणी व्हायची.

"कोणत्या पक्षाचं हाय?"

"कोणत्याच नाही, काका."

"मंग पैसे कोण देतंय?"

"लोकांची वर्गणी."

"म्हंजे पक्षच की!"

एकदा कांदे निवडणाऱ्या एका आजोबांनी थेट विचारलं, "पोरी, तुपला देव कोणता?"

"सांगायची सक्ती नाही, आजोबा. हेच तर यात लिहिलंय."

आजोबांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. "देवाचं नाव लपवायला एवढा कागुद?" म्हणाले, आणि कांद्याखाली अंथरलं.

त्याच बाजारातून एक पत्रक कलाबाईच्या पिशवीत गेलं आणि पुढचं सगळं त्यातून घडलं. गावाचं नाव लिहीत नाही. कन्नडच्या पुढे, घाटाच्या अंगाला आहे एवढं पुरे. माणसांची नावंही बदलली आहेत.

कलाबाई नवऱ्याला घेऊन आमच्या खोलीवर आली. नवरा लहानू, चाळिशी ओलांडलेला, उंच, खांद्यावर टॉवेल. बसायला सांगितलं तरी दाराशीच उभा. तिनं पत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि पहिल्या वाक्यावर बोट आपटलं. "हे तुमीच लिव्हलं का?"

"हो."

"मंग आमच्या गावात येऊन वाचून दाखवा. सरकार सगळ्यांचं असंल तर आमचं कामून नाय?"

लहानू गावाचा पाणी सोडणारा. ग्रामपंचायतीच्या विहिरीवरची मोटार चालू करायची, टाकी भरायची, कोणत्या आळीचा व्हॉल्व्ह किती पिळायचा ते बघायचं. त्याआधी तो मेंढरं-बकरी राखायचा. घराण्याचा देव खंडोबा, बाप तर पक्का देवभक्त, कपाळ कधी भंडाऱ्यावाचून नसायचं. भंडारा म्हणजे खंडोबाला वाहिलेली हळद. बाप गेल्यावर कलाबाईच्या माहेरच्या वळणाने दोघांनी महानुभाव पंथाचा उपदेश घेतला. आमच्याकडे त्यांना 'जय कृष्णी' म्हणतात. उपदेश घेतलेल्या माणसाने एका परमेश्वरावाचून दुसऱ्या देवतेपुढे हात जोडायचे नाहीत, तिच्या देवळाची पायरी चढायची नाही, तिचा प्रसाद खायचा नाही, मांस-दारूला शिवायचं नाही. खाटकाला बकरी विकणंही लहानूला नकोसं झालं. त्यानं कळप विकला आणि पंचायतीची ही नोकरी धरली. गाव त्याला हसलं, 'धनगर असून शेंगदाणे खातो' म्हणालं, पण पाणी वेळेवर यायचं म्हणून गप्प राहिलं.

मग विहिरीवरची तांब्याची केबल कापून चोरीला गेली. मोटारीच्या खोलीची चावी तिघांकडे होती. एक लहानू, दुसरा गावचा वायरमन, तिसरा पवन. पवन म्हणजे सरपंचांचा पुतण्या, पाइपलाइनच्या कामावर असणारा पंचविशीतला गडी. खोलीचं कुलूप फुटलेलं नव्हतं. म्हणजे तिघांतलाच कोणीतरी.

पोलिसात जायचं ना? नाही. वेशीवर कमान आहे, तिच्यावर 'तंटामुक्त गाव' असं लिहिलंय. पोलीस आले तर कमानीची लाज जाते. म्हणून सरपंचांनी तंटामुक्ती समिती बसवली आणि समितीनं ठरवलं की तिघांनी खंडोबाच्या देवळात भंडारा उचलायचा. देवापुढच्या ताटातली चिमूट कपाळाला लावून म्हणायचं, मी चोरी केली नाही, खोटं बोललो तर देव बघून घेईल. जो उचलेल तो सुटला.

वायरमननं उचलला. पवननं उचलला. लहानू देवळाच्या पायऱ्यांशी उभा राहून म्हणाला, "मी चोरी केली नाय. कुणाच्याबी तोंडावर सांगतो. भंडारा उचलणार नाय."

झालं. जो उचलत नाही तो चोर. चावी काढून घेतली. महिनाभरानंतरच्या ग्रामसभेत त्याला कामावरून काढायचा ठराव येणार होता. मधल्या काळात पिठाच्या गिरणीत कलाबाईचा डबा मागे सारायला लागले. डेअरीवाल्यानं त्यांच्या म्हशीचं दूध घ्यायचं नाकारलं. सख्खा भाऊ येऊन "बापाचा देव सोडला, आता बापाची अब्रू सोड" असं बोलून गेला.

मी ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं. ग्रामपंचायत म्हणजे सरकार. सरकारी नोकरी टिकवायला देवाची शपथ? अहो, मंत्र्यालासुद्धा शपथ घेताना सूट आहे. ईश्वरसाक्ष घे, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन कर. मंत्र्याला जी मुभा ती पाणी सोडणाऱ्याला नाही?

आमच्या संस्थेतले सर शेजारच्या टेबलावर होते. पक्के नास्तिक, आयुष्य अंधश्रद्धेविरुद्ध घालवलेले. ते चष्मा काढून म्हणाले, "लहानू, एक विचारू? भंडाऱ्यात काही नसतं, हे तुला पटलंय ना?"

"व्हय."

"मग नुसती हळदच ती. उचल आणि मोकळा हो. नोकरी वाचेल."

खरं सांगते, क्षणभर मलाही ते बरोबर वाटलं.

लहानू सरांकडे वळला. "सर, त्या देवाला मी मानत न्हाई. मंग त्याच्या नावानं मी खरं बोललो तरी ते खोटंच की. त्यांना वाटंल लहान्या देवाला भिऊन खरं बोलला. मी चोरी केली नाय हे सांगायला मी लबाडी करू?"

सरांनी चष्मा परत लावला. मी माझ्या पत्रकावरचं पहिलं वाक्य पाहिलं आणि ते मला एकदम गुळगुळीत वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून पायऱ्या. पंचायत समितीत अर्ज दिला. बाबू म्हणाला, "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे. लावायला सांगा ना कपाळाला." पुढच्या टेबलावरचा म्हणाला, "आमच्यात पण उचलतात, काही होत नाही." साहेबांनी अर्ज वाचला. त्यात मी संविधानाचं पंचविसावं कलम लिहिलं होतं, सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य. साहेब म्हणाले, "हा तर हिंदू-हिंदूंतलाच मामला आहे. यात धर्मस्वातंत्र्य कुठून आलं?" जणू ते स्वातंत्र्य दोन धर्मांची मारामारी झाली तरच कपाटातून काढायचं असतं! मी तसंच म्हणाले, आवाज चढवून. साहेबांनी शिपायाला खूण केली. अर्जावर पोच घेतली एवढीच कमाई.

मग गावात गेले. सरपंचांना सगळे अण्णा म्हणतात. माणूस वाईट नव्हता, हे लिहायला मला त्रास होतो, पण लिहिलं पाहिजे. ओट्यावर बसवलं, चहा सांगितला.

"ताई, तुमी शहरातल्या. गावाला काहीतरी एक सामाईक लागतं. कोर्टात वकील खोटं बोलतो, ठाण्यात पैसा बोलतो. भंडाऱ्यापुढं आजवर कोणी खोटं बोललं नाय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"काय?"

"की कोणी खोटं बोललं नाही."

अण्णांनी कपातला चहा बशीत ओतला.

त्यांची आई आतून आली. ऐंशीच्या घरातली, कपाळावर भंडारा, गाव तिला मोठीमाय म्हणतं. देवळातल्या ताटाचा मान तिच्या घराचा. शपथेच्या दिवशी ताट धरून तीच उभी होती. आता तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"कोणाची गं तू?"

"शहरातून आले, मोठीमाय."

"ते दिसतंय. कोणाची? देव कोणता तुपला?"

"ते सांगायची सक्ती नाही."

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "वंजळ कर." मी ओंजळ पुढे केली. तिनं तांब्या वर धरून पाणी ओतलं, माझ्या हाताला तांब्या लागू दिला नाही. कोण आहे ठाऊक नाही, तर हिशेब धरून वागलेलं बरं. पाणी गार होतं, अर्धं माझ्या कोपरावरून गेलं. पत्रकावर असलं काही लिहिता येत नाही. मी रागानं प्यायले.

ग्रामसभेची नोटीस लागली आणि माझ्या लक्षात आलं की सगळा डाव जागेत आहे. ग्रामसभा भरते खंडोबाच्या सभामंडपात. ऐसपैस सावली, पंखे, माइक, वर्षानुवर्षांची सवय. लहानू त्या मंडपात पाऊल टाकणार नाही. म्हणजे त्याच्याविरुद्धचा ठराव त्याला न ऐकता, तो 'गैरहजर' असताना पास होणार.

मी ग्रामसेवकाला गाठलं. कागदावर त्याचं पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणतं. नवीन लागलेला, लग्न ठरलेला, घाबरट. सभेचं कामकाज लिहून सही-शिक्का करणारा, त्या सभेतला सरकारचा एकुलता एक पगारी माणूस.

"सभा शाळेच्या पटांगणात घ्या."

"ताई, तिथं सावली नाही. आणि सरपंच ऐकणार नाहीत."

"ठीक आहे. मग मला एवढंच लेखी द्या, की मतदाराने देवळात यायला नकार दिला म्हणून त्याला गैरहजर धरण्यात आलं."

"असं कसं लेखी देता येईल?"

"जे करता येतं ते लिहिता यायला पाहिजे."

आमच्या कामातलं एकमेव हत्यार हे. घोषणा नाही, मोर्चा नाही, 'लेखी द्या'. तोंडानं माणसाला गावाबाहेर काढणारे लोक दोन ओळी लिहायला तयार नसतात.

सभेचा दिवस उन्हाचा होता. मंडप भरलेला, एरवी ग्रामसभेला कुत्रं येत नाही, त्या दिवशी बायासुद्धा. मी त्या गावची मतदार नाही, म्हणून मला बोलायचा हक्क नव्हता. भिंतीला टेकून उभी राहिले. बोलण्यावर पोट असलेल्या बाईला तोंड बंद ठेवून उभं राहणं काय असतं ते त्या दिवशी कळलं. लहानू आणि कलाबाई खाली, शेवटच्या पायरीच्या पलीकडे, उन्हात.

अण्णांनी माइक घेतला. "लहानू, आत ये."

"हितूनच ऐकतो, अण्णा."

"सभा आत हाय."

"मी भाईर हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "मंग लावा गैरहजरी!" टाळ्या पडल्या. लहानूचा भाऊ उठून उभा राहिला. "आरं, आत ये ना! बापाच्या देवापुढं यायला लाज वाटती का तुला?" दोघंतिघं पोरं पायऱ्यांकडे सरकली. एकानं लहानूच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्याला वर खेचायला दंड पकडला. लहानू रेटला गेला, गुडघा पायरीवर आपटला, पण वर आला नाही. हात उगारला नाही. एक धक्का इकडचा तिकडे झाला असता तर पुढचं मी आज लिहीत नसते.

तेव्हा कलाबाई ओरडली. माइक नव्हता, गरज पडली नाही.

"मी मतदार हाय! माझं मत हितं मोजा! भाईर उभ्या मतदाराचं मत मोजायचं का नाय, ते ग्रामसेवक सायबानं सांगावं! आन नसंल मोजायचं तर लिव्हून द्यावं!"

सगळ्या माना ग्रामसेवकाकडे वळल्या. तो टेबलाशी बसला होता, मागे देवाचा गाभारा, पुढे कामकाजाची वही. माझ्याकडे त्यानं पाहिलं. मला वाटत होतं हा गडी आता वही मिटून पळणार.

तो उठला. वही उचलली, शिक्का खिशात घातला आणि चपला शोधत पायऱ्या उतरून उन्हात जाऊन उभा राहिला. तिथून तो म्हणाला, "सरपंच साहेब, सभेचं कामकाज मी इथून लिहितो. ज्यांना सहभाग घ्यायचा त्यांनी इथं यावं."

मग बायांमधली एक उठली. मग दुसरी. अण्णांना माइकच्या वायरीइतकंच पुढे येता आलं. माइक ठेवून तेही खाली आले. उन्हात उभं राहून कुणाला लांबलचक भाषण करता येत नाही, ग्रामसभा उन्हातच घ्याव्यात असं माझं मत तेव्हापासून झालंय. कुजबूज झाली, भांडण झालं. लहानूनं तिथं सगळ्यांसमोर सांगितलं, "चोरी केली नाय. पोलीस बोलवा, माझं घर धुंडा." शेवटी ठराव झाला, पोलिसात तक्रार द्यायची. तपास होईस्तोवर लहानूला काढायचं नाही, पण चावीही द्यायची नाही. पाणी तोवर पवन सोडेल.

अर्धा विजय. मी परतीच्या जीपमध्ये अर्ध्या विजयाचं पत्रक मनात लिहीत होते. पोलिसांनी तक्रार घेतली आणि कामाला लागतो म्हणाले.

पोलीस कामाला लागायच्या आत पवन घाटात मोटारसायकलवरून पडला. पाय दोन जागी मोडला. दवाखान्यात प्लास्टर घालताना त्यानं आईचा हात धरला आणि रडत सांगितलं की केबल त्यानंच कापली, भंगारवाल्याला विकली, खोटा भंडारा उचलला, आणि देवानं त्याला दाखवलं.

फोनवर कलाबाई हे सांगत होती आणि मी एकाच वेळी हसत आणि दात खात होते. लहानू निर्दोष ठरला होता. आणि ठरवलं कोणी? ज्या देवाची शपथ त्यानं नाकारली त्या देवानं! संविधान नाही, साहेब नाही, माझा अर्ज नाही. मोटारसायकलचा ब्रेक आणि घाटातलं वळण. आता गावात भंडाऱ्याचा वचक आधीपेक्षा दुप्पट.

"चावी द्यायला बोलावलंय उद्या," कलाबाई म्हणाली. "देवळात."

मी सकाळची एसटी धरली.

गावात पाणी नव्हतं. पवन दवाखान्यात, वायरमनला व्हॉल्व्हचं गणित येत नाही, दोन दिवस नळ कोरडे. देवळापुढे बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मंडपात अण्णा नवा टॉवेल आणि नारळ घेऊन. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ते पितळी ताट, भंडाऱ्यानं भरलेलं. आणि त्या पिवळ्या भुकटीत अर्धी बुडालेली मोटारीच्या खोलीची चावी.

"लहानू," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. "चुकलं आमचं. तुझी चावी देवानं राखली. देवापुढून उचल. सगळं गाव तुला मान देतंय."

लहानू त्याच शेवटच्या पायरीपलीकडे. "मान नको, अण्णा. चावी द्या."

"उचल की मग! आता तर शपथ बी नाय. नुसती उचलायची."

"पंचायतीची चावी हाय. पंचायतीनं हातात द्यावी."

गर्दीत चुळबुळ सुरू झाली. परवापर्यंत त्याला चोर म्हणणारी तोंडं आता 'उद्धट' म्हणायला लागली. "देवानं सोडवलं तरी माज गेला नाय." "घागरी रिकाम्या हायत अन् ह्याचं तत्त्व!" भावानं तोंड फिरवलं. आणि मला कळलं की ही आधीपेक्षा वाईट जागा आहे. अन्याय करणाऱ्या गावापुढे उभं राहणं एक वेळ जमतं. माफी मागणाऱ्या गावाला नाही म्हणणं त्याहून अवघड. कलाबाई त्याच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. अण्णा ताटाशेजारी, लहानू पायरीखाली, मध्ये आठ-दहा पायऱ्या आणि अख्खं तहानलेलं गाव. ग्रामसेवक कोपऱ्यात, पण ताटात हात घालायचं धाडस त्याच्यात नव्हतं.

ताटात हात घातला मोठीमायनं.

ती गाभाऱ्याच्या कडेला भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्यावर हात देऊन उठली, देवाला वाकून नमस्कार केला, ताटातून चावी काढली आणि आपल्या पदरानं पुसली. दात्यांमधली हळदसुद्धा पदराच्या टोकानं कोरून काढली. अण्णा म्हणाले, "आई, आगं..." तिनं बघितलंही नाही. एक एक पायरी आडवी होऊन उतरली, लहानूपुढे आली.

"हे घे. पुसलीय."

लहानूनं दोन्ही हात पुढे केले. "दंडवत, मोठीमाय." जय कृष्णी माणसाचा नमस्कार हाच.

"मला कशाला दंडवत घालतो? जा, पाणी सोड. देवाला घागर लागत नाय, आमाला लागती."

तो गेला. जवळजवळ पळतच.

काही आठवड्यांनी पंचायत समितीचं उत्तर आलं. 'सदर प्रकरण गावपातळीवर सामोपचाराने मिटले असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे.' मी ते वाचून इतकी संतापले की सरांनी मला खाली चहाला पाठवलं. काय मिटलं? उद्या दुसरी केबल जाईल, दुसरा कोणी पायरीपाशी थांबेल, आणि त्याचा पवन घाटात पडेलच असं नाही. अधिकार दैवावर सोडायचा नसतो. म्हातारीच्या चांगुलपणावरही नाही. मला म्हातारीची सही नको होती, साहेबांची हवी होती. ती मिळाली नाही. मी नवा अर्ज केलाय, तोही लेखी, आणि उत्तराची वाट बघतेय.

त्या दुपारचं एक राहिलं. लहानू विहिरीकडे गेला, टाकी भरली, आणि देवळाखालच्या चौकातल्या नळाला पहिल्यांदा हवेचा फुर्रफुर्र आवाज आला, मग गढूळ, मग स्वच्छ धार. बायांनी मोठीमायला पुढे केलं. तिनं तांब्या भरला, दोनदा हिसळून टाकला, पुन्हा भरला आणि माझ्याकडे वळली. सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नव्हता हे तिनं कसं ओळखलं ठाऊक नाही.

"आता तरी सांग. देव कोणता गं तुपला?"

मी दमले होते. खरंच सांगून टाकावं असंही वाटलं. पण समोरच्या वाटेनं लहानू टॉवेलनं हात पुसत परत येत होता.

"सांगायची सक्ती नाही, मोठीमाय."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग लहानूकडे, मग परत माझ्याकडे. मी सवयीनं ओंजळ पुढे केली.

"वंजळ कामून करती?" ती म्हणाली आणि तांब्या माझ्या हातात दिला. "तोंड लावून पी."

मी तोंड लावून प्यायले.